हर्मायनीचं आडनाव

रात्री साडेबाराला डिस्कॉर्डवर मेसेज आला : "मडब्लड कुलकर्णी? खरंच?"

२०२० सालची गोष्ट. लॉकडाउन होता. दिवसभर हेडफोन लावून ऑफिसचे कॉल आणि रात्री हॉगवर्ट्स, असं माझं चाललं होतं. आमचा पंधरा-एक जणांचा रोलप्लेचा ग्रुप होता, बहुतेक भारतीय मुली. ज्यांनी हा प्रकार कधी केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. मी माझ्या पात्राचा एक परिच्छेद लिहायचा आणि थांबायचं. पुढचा परिच्छेद समोरची तिच्या पात्राच्या वतीने लिहिणार. दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, काय म्हटलं, हे आपण लिहायचं नाही, हा पहिला नियम. नाटकाच्या तालमीसारखंच, फक्त संहिता नाही आणि दिग्दर्शकही नाही.

आमचं हॉगवर्ट्स 'देसी' होतं. हॅरी, रॉन, हर्मायनी या तिघांना आम्ही भारतीय वंशाचं केलं होतं, बाकी शाळा पुस्तकातल्यासारखीच. हर्मायनी माझ्याकडे होती. तिचं नाव मी हेमांगी ठेवलं. आईवडील पुस्तकात दंतवैद्य आहेत, तेच ठेवले; फक्त ते पुण्याहून लंडनला गेलेले. पात्राच्या फॉर्ममध्ये आडनावाचा रकाना होता. मी 'कुलकर्णी' लिहिलं आणि पुढच्या रकान्याकडे गेले. दोन सेकंदंही लागली नसतील.

मेसेज करणारी मुलगी पद्मा पाटील खेळायची. तिला मी इथे पद्माच म्हणते. ती नांदेडची, एवढंच मला माहीत होतं. तिच्या त्या एका प्रश्नामुळे मला या सगळ्या प्रकाराकडे पुन्हा पाहावं लागलं. हा लेख त्याबद्दल आहे.

प्रस्थापित पात्राचा वंश बदलून लिहिण्याला फॅन मंडळी 'रेसबेंडिंग' म्हणतात. या शब्दाचा इतिहास मजेशीर आहे. 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही २००५ ते २००८ दरम्यानची कार्टून मालिका आशियाई आणि इनुइट संस्कृतींवरून रचलेल्या जगात घडते. तिच्यावर २०१० साली चित्रपट आला तेव्हा नायकांच्या मुख्य भूमिका गोऱ्या मुलांना मिळाल्या आणि त्यांचा पाठलाग करणारा राजपुत्र झाला देव पटेल. चित्रपट येण्याआधीपासूनच चाहत्यांनी विरोध सुरू केला होता. मालिकेतल्या 'बेंडिंग'वरून त्यांनी 'रेसबेंडिंग' हा शब्द केला. म्हणजे मुळात ती तक्रार होती : तुम्ही आमची पात्रं गोरी केलीत. नंतर फॅन्सनी तोच शब्द उलटा फिरवला. तुम्ही आमची करता, मग आम्ही तुमची करतो.

'हॅरी पॉटर'मध्ये हे सगळ्यात जास्त घडलं. डिसेंबर २०१५ मध्ये 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' या नाटकात हर्मायनीची भूमिका नोमा डुमेझ्वेनी ही कृष्णवर्णीय अभिनेत्री करणार असं जाहीर झालं. मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या वायफायवर जगभरातली भांडणं वाचत बसायचे. खुद्द रोलिंगबाई नाटकाच्या बाजूने उभ्या राहिल्या. हर्मायनी गोरी आहे असं मी कुठे लिहिलंय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग कुणीतरी तिसऱ्या पुस्तकातलं एक वाक्य शोधून काढलं. तिथे हर्मायनीचा चेहरा पांढरा म्हटलाय. त्यावर दुसरे म्हणाले, तो भीतीने पांढरा पडलाय. असं बरेच दिवस चाललं.

तेव्हा मी रोलिंगबाईंच्या बाजूने होते. आज त्यांचा युक्तिवाद मला लंगडा वाटतो आणि याचं कारण मला माझ्या कामातून कळलं. फॉर्ममधला एखादा रकाना वापरणाऱ्याने भरला नाही, तर तो नेहमी रिकामा राहतो असं नाही. अनेकदा प्रोग्रॅममध्ये आधीच ठरवून ठेवलेलं असतं की काहीच आलं नाही तर हे धरायचं. त्याला डीफॉल्ट म्हणतात. 'हॅरी पॉटर'च्या पुस्तकांत अँजेलिना जॉन्सन, किंग्जली शॅकलबोल्ट, ब्लेझ झबिनी यांचा काळा वर्ण लिहून सांगितलेला आहे. चो चँग आणि पाटील बहिणींचं काम त्यांच्या नावांनीच होतं. मग ज्यांच्याबद्दल काही लिहिलेलं नाही, ते कोण? वाचणारा बरोबर ओळखतो. चित्रपटवाल्यांनीही ओळखलं. लॅव्हेंडर ब्राउन हे पात्र सुरुवातीच्या चित्रपटांत मागे कुठेतरी उभं असायचं तेव्हा त्यासाठी कृष्णवर्णीय मुली घेतल्या होत्या. २००९ च्या सहाव्या चित्रपटात लॅव्हेंडर रॉनची प्रेयसी झाली, तिला संवाद आले आणि अभिनेत्री गोरी झाली.

त्यामुळे हर्मायनीला काळी किंवा भारतीय करणारे फॅन्स तो रिकामा रकाना फक्त भरत नाहीत. तिथे आधीच बसलेलं डीफॉल्ट खोडतात. यात मला गंमतही वाटते आणि न्यायही. मी पहिलं पुस्तक मराठीतून वाचलं, 'हॅरी पॉटर आणि परीस', सांगलीत, आत्याच्या घरी, मे महिन्याच्या सुट्टीत. मराठीत लिहिताना कोण कुणाला 'अरे' म्हणतं आणि कोण 'अहो', हे ठरवावंच लागतं. इंग्रजीतल्या 'यू'मागे लपता येत नाही. त्यामुळे माझ्या डोक्यात ती मुलं आधीपासूनच थोडी आमच्याकडची होती. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी, शिक्षकांनी दुर्लक्ष केलं तरी हात खाली न घेणारी, केस न बसणारी मुलगी. ती इंग्लंडची आहे हे मला चित्रपट बघून कळलं आणि जरा रागच आला.

आता कुणी म्हणेल, यात नवीन काय? आपल्याकडे आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. खरं आहे. पण नाटकाच्या रूपांतरात माणसांबरोबर सगळं जगच इकडे येतं : गाव, घर, देव, शिव्या. रोलप्लेमधल्या रेसबेंडिंगमध्ये एकटं पात्र बदलतं. हॉगवर्ट्स स्कॉटलंडमध्येच राहतं, मॅलफॉय मॅलफॉयच राहतो. बदललेलं पात्र न बदललेल्या जगात सोडून द्यायचं, आणि ते जग चालवणारे हात आपले नसतात. माझी हेमांगी भारतीय आहे हे मी कितीही लिहिलं तरी समोरच्या पात्रांना ते जाणवलं नाही, तर ते कागदावरच राहतं.

आणि ते जाणवून लिहिणं अवघड असतं. आमच्या ग्रुपमध्ये दोन तऱ्हा दिसायच्या. पहिली, सभ्यपणे दुर्लक्ष. फॉर्ममध्ये 'फेस क्लेम' म्हणून एखाद्या भारतीय वंशाच्या नटाचा फोटो लावायचा (देव पटेल जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच) आणि पुढे सगळं मूळ पुस्तकातल्यासारखं लिहायचं. फोटो काढून टाकला तर एक शब्दही बदलणार नाही. दुसरी तऱ्हा मसाल्याची. पात्र दर तिसऱ्या परिच्छेदात चहा पितं, आजीची आठवण काढतं आणि दिवाळीला हॉगवर्ट्सच्या ग्रेट हॉलमध्ये पणत्या लावतं. मीही लावल्यात.

मोठ्या पैशांच्या निर्मितींचं यापेक्षा बरं चाललंय असं समजू नका. 'कर्स्ड चाइल्ड'मध्ये बदललेल्या एका काळात रॉनचं लग्न पद्मा पाटीलशी झालेलं असतं आणि त्यांना मुलगा असतो. त्याचं नाव पंजू. आमच्या पद्माला कुणी 'पंजूची आई' म्हटलं की ती दोन दिवस लिहायची नाही. पुढे २०२२ मध्ये 'ब्रिजर्टन'चा दुसरा सीझन आला. कादंबरीतली केट शेफील्ड तिथे केट शर्मा झाली. ही शर्मांची मुलगी वडिलांना 'अप्पा' म्हणते, धाकटी बहीण तिला 'दीदी' म्हणते, ती बहिणीला बंगालीतलं 'बोन' म्हणते, आणि धाकटीला येणाऱ्या भाषांच्या यादीत हिंदुस्तानीबरोबर चक्क मराठी आहे. मराठी ऐकून मी सोफ्यावरून उठले होते, हे कबूल करते. पण हे कुटुंब नेमकं कुठलं, या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर मिळत नाही. ते 'देसी' आहे, बस. लंडनहून बघितलं की एवढं पुरत असावं.

'देसी' हा शब्द मला आता खटकतो तो इथे. फॅन्समध्ये हॅरीचे वडील जेम्स पॉटर यांना भारतीय करणं फार लोकप्रिय आहे. त्यामागचं कारणही चांगलं आहे : त्यामुळे हॅरी मिश्रवंशीय होतो आणि डर्स्ली मंडळींचा छळ एकदम वेगळा दिसू लागतो. मेहुणीच्या नवऱ्याचं नाव न काढणारा काका, पोराच्या केसांवर सतत चिडणारा काका, 'आमच्यात असलं काही नसतं' म्हणणारं घर. काही न बदलता जुनी वाक्यं नव्याने वाचता येतात. पण त्याच पुस्तकांत पॉटर हे जुनं, श्रीमंत, शुद्ध रक्ताचं घराणं आहे. भारतीय आणि पिढ्यान् पिढ्या शुद्ध रक्ताचे! मी असे डझनभर रोलप्ले वाचलेत. त्यांत शुद्धतेचा हा हिशेब भारतीय घरात कसा ठेवतात, याची चौकशी एकाही ठिकाणी नव्हती. जेम्सची हवेली असते, आईच्या अंगावर वडिलोपार्जित दागिने असतात, आणि जादूगारांतल्या शुद्ध-अशुद्धाच्या विरोधात तो हिरिरीने बोलतो. जात हा शब्द मात्र येत नाही. जणू ती हीथ्रोवर काढून घेतात. प्रत्यक्षात ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्याखाली जातिभेद आणायचा की नाही, यावर तिथे अनेक वर्षं वाद झाला. जात विमानात बसते.

हे सगळं मी आज शहाणपणाने लिहितेय. त्या रात्री मी पद्माला उत्तर दिलं : "का? काय झालं?"

ती म्हणाली, "अगं, ज्या मुलीचं रक्त घाण म्हणून शाळा तिला हिणवते, तिचं आडनाव कुलकर्णी. मला हसू आलं."

मी म्हटलं, मी काही विचार करून ठेवलं नाही, सहज सुचलं.

"तेच तर."

मग थोड्या वेळाने : "हॉगवर्ट्सला पाटील आधीपासून होतेच. तू कुलकर्णी आणलीस. गाव बसलं. आता गावकुसाबाहेर कोण राहतं तेवढं ठरव."

मला ते लागलं. मी गोरेपणाचं डीफॉल्ट खोडलं म्हणून खूश होते आणि त्याच रकान्यात मी माझं डीफॉल्ट बसवलं होतं. माझं आडनाव कुलकर्णी नाही, पण त्याच यादीतलं आहे. हुशार, पुस्तकी, आईवडील डॉक्टर, म्हणजे कुलकर्णी; माझ्या डोक्याने हे इतक्या झटकन केलं की मला त्यात निवड दिसलीच नाही. पद्मा कुठल्या घरातली हे तिने कधी सांगितलं नाही. तिचं खरं आडनाव विचारायची इच्छा मला त्या रात्री झाली होती, हेही इथे लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी मी अपराधी मनाने तिला कळवलं की आडनाव बदलते, कांबळे करते. तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "नको. दुसऱ्या वर्षीचा प्रसंग आठव. मॅलफॉय तिला मडब्लड म्हणतो. तिला कळतं की काहीतरी वाईट बोलला, पण अर्थ कळत नाही. रॉनला समजावून सांगावं लागतं. तुझी कांबळे अर्थ विचारेल का?"

हे वाचून मी पुस्तक काढलं. प्रसंग तसाच आहे. हर्मायनी स्वतःच म्हणते की तिला शब्दाचा अर्थ माहीत नाही. जन्मावरून कुणी आपल्याला घाण म्हणेल, अशी शक्यताच बारा वर्षांच्या या मुलीच्या अनुभवात नाही. लेखिकेने हर्मायनीचं डीफॉल्ट काय धरलं होतं, याचा याहून मोठा पुरावा मला तरी दिसत नाही. पांढऱ्या चेहऱ्याचं ते वाक्य याच्यापुढे काहीच नाही. लंडनमध्ये वाढलेली काळी मुलगी हा शब्द पहिल्यांदा ऐकूनही ओळखेल. कांबळे तर नक्की ओळखेल. म्हणजे त्यांच्यासाठी हा प्रसंग नव्याने लिहावा लागेल : शब्द नवा आहे, बाकी सगळं ओळखीचं आहे, आणि रॉन समजावून सांगत असताना तिला त्याचीच कीव येतेय.

मी जिला तपासणी म्हणते ती ही. वंश बदलल्यावर मूळ कथेतले काही प्रसंग मोडतात. कोड बदलल्यावर जुन्या टेस्ट फेल होतात तसे. आळशी माणूस त्या टेस्ट बंद करून ठेवतो. पण खरं लिखाण तिथेच असतं. जिथे काहीच मोडत नाही, तिथे आपण फक्त फोटो बदललेला असतो.

यातला सगळ्यात मोठा मोडणारा प्रसंग म्हणजे घरातल्या एल्फचं प्रकरण. चौथ्या पुस्तकात हर्मायनीला कळतं की हॉगवर्ट्सचं जेवण, झाडलोट, चादरी हे सगळं स्वयंपाकघरात राहणारे बिनपगारी एल्फ करतात आणि ते कुणाला दिसत नाहीत. ती जेवण सोडते, संघटना काढते, बॅज विकते. सगळे तिची टिंगल करतात आणि पुस्तकही बऱ्यापैकी त्यांच्याबरोबर हसतं. आता हर्मायनी काळी आहे असं धरा. एक काळी मुलगी गुलामगिरी चूक आहे असं सांगत फिरतेय आणि तिचे दोन गोरे मित्र कंटाळून डोळे फिरवतायत. विनोद जागच्या जागी मरतो. 'कर्स्ड चाइल्ड'ची हर्मायनी मोठी झालेली, मंत्रिपदावर पोचलेली असल्यामुळे नाटकाला या प्रसंगात शिरावंच लागलं नाही. रोलप्ले करणाऱ्यांना अशी सुटका नाही. आम्हाला त्या वर्षातून जावंच लागतं.

आणि हेमांगी कुलकर्णी असली तर? पद्माच्या सांगण्यावरून मी आडनाव ठेवलं, पण यावेळी ते मुद्दाम ठेवलं. मग हा प्रसंग तिसऱ्याच बाजूने उघडला. पाचव्या पुस्तकात हर्मायनी लोकरीच्या टोप्या विणून कॉमन रूममध्ये लपवून ठेवते, म्हणजे झाडताना एल्फने उचलल्या की ते आपोआप मुक्त. एल्फना तिने विचारलेलं नाही. ते अपमान वाटून तिथली सफाईच सोडतात. आधी मी हे एका भाबड्या मुलीची फजिती म्हणून वाचलं होतं. कुलकर्ण्यांची मुलगी हे करते तेव्हा मला त्यात आमच्या घरातल्या सुधारकपणाची सगळी परंपरा दिसू लागली. खरी कळकळ आहे, जेवण सोडण्याची तयारीही आहे, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्याशी एकदाही बसून बोलणं झालेलं नाही.

आमच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा होता. मागच्या खिडकीत उपडा ठेवलेला असायचा, कडा उडालेला. त्यावर कुणी कधी काही बोललं नाही, आणि मीही वीस वर्षांची होईपर्यंत विचारलं नाही. तो कप मी हेमांगीच्या आजीच्या खिडकीत ठेवला. दर सुट्टीत तो बघत वाढलेली मुलगी अकराव्या वर्षी अशा शाळेत येते जिथे तिचाच कप वेगळा आहे. तिला राग येतो. रागातून ती लढायला शिकते. पण आजीचा कप आठवायला तिला चौथं वर्ष उजाडावं लागतं. एवढं सगळं एका आडनावातून आलं. पणत्या लावून आलं नसतं.

यावर आमच्याच ग्रुपमधल्या एकीचा आक्षेप होता आणि तो मला चुकीचा वाटत नाही. ती म्हणाली, आम्ही दिवसभर हेच बघतो, रात्री जादू खेळायला येतो. तिथेही जात आणि वर्ण का? प्रत्येक सावळ्या मुलीने दुःखच का सोसायचं? झाडूवर बसून उडू दे की तिला. बरोबर आहे. सावळी हर्मायनी फक्त सुखात, फक्त लायब्ररीत बसलेली लिहायचा हक्क सगळ्यांना आहे. असे रोलप्ले मी आवडीने वाचते. माझं म्हणणं एवढंच की ते सुखही ठरवून लिहावं. डीफॉल्टने आलेलं सुख कुणाच्या वाट्याला येतं, ते मी माझ्या फॉर्ममध्ये बघितलंय.

टोप्यांचा प्रसंग आम्ही चौघींनी मिळून लिहायला घेतला. मॅलफॉय खेळणाऱ्या मुलीने आधी वेगळा मेसेज करून विचारलं, कुठला शब्द वापरू, कुठला नको. त्या संभाषणात आम्ही जे बोललो ते खेळात लिहिलं त्यापेक्षा जास्त होतं. पद्माने त्या प्रसंगापुरती आपली पद्मा बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघरातली एक म्हातारी एल्फ घेतली. हेमांगी टोप्यांची पिशवी घेऊन खाली जाते, टेबलावर ठेवते, भाषण करते. ते भाषण मी दोन रात्री लिहिलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. त्यावर पद्माचं उत्तर चार ओळींचं होतं. एल्फ टोपीला हात लावत नाही. ओट्याजवळचं स्टूल पुढे ओढते, कढईतलं गरम काहीतरी कपात ओतते, कप हेमांगीपुढे ठेवते आणि विचारते, "आमच्या हातचं घेशील?"

हेमांगी काय करते? पुस्तकातली हर्मायनी एका घोटात पिऊन पुन्हा मुद्द्यावर येईल. माझी येत नव्हती. मी तीन-चार वेळा लिहिलं आणि खोडलं. पटकन प्यायली तर ते नाटक वाटत होतं, थांबली तर का थांबली ते लिहावं लागणार होतं. मग ऑफिसचं रिलीज आलं, लॉकडाउन उठला, ग्रुप हळूहळू थंड पडला.

ते चॅनेल अजून आहे. शेवटचा परिच्छेद पद्माचा आहे. टर्न माझा आहे.